स्वभाव खरंच ‘रक्तातच’ असतो का?

“अगदी बापावर गेलाय!” असं आपण सहज म्हणतो. पण विज्ञान काय सांगतं?

५० वर्षांतल्या जुळ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसामाणसांतल्या फरकांमागे सरासरी ४९ टक्के वाटा जनुकांचा दिसला. म्हणजे तुमचा अर्धा स्वभाव जन्मतःच ठरला, असं नव्हे. हा आकडा गटातल्या फरकांचा आहे, एका माणसाचा नाही. परिस्थिती बदलली की तोही बदलतो.

कर्तृत्व जन्मावरून ठरवलं जायचं, त्या काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी परिस्थितीच बदलायला घेतली. १९०१ पासून वसतिगृहं उभी राहिली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं.

म्हणून एखाद्या मुलाला “हा असाच” म्हणण्याआधी विचारा, त्याला संधी मिळाली होती का?