उंब्रज अंगणवाडी, दहा ते दोन

सकाळचे नऊ. महामार्गावरून इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाड्या कराडकडे निघतात, तेव्हाच अंगणवाडीची मदतनीस पोरं गोळा करायला घरोघर हिंडू लागते. गाडीतल्यांना टाय; हिच्या मागून येणाऱ्या एकाच्या हातात अजून अर्धी भाकरी.

दहा. हजेरी, प्रार्थना, नखं. गोष्ट सुरू होते न होते तोच लसीकरणाच्या यादीसाठी फोन.

सव्वादहा. सेविका सतरंजीवर चिंचोके, खडे, वाळकी पानं, बाटल्यांची बुचं ओतते. “सारखं सारखं एकत्र लावा बघू.” बहुतेक जण रंग बघून लावतात. ऊसतोडीच्या टोळीतली चार वर्षांची पोर मात्र चिंचोके आणि खडे इकडे, पानं आणि बुचं तिकडे टाकते. “असं का गं?” “हे बुडतेत, हे तरंगतेत.” सेविका घमेलंभर पाणी आणते. मग कसली गोष्ट न् कसलं नियोजन! एकेक वस्तू पाण्यात पडते आणि आधी पैज लागते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते याच वळणाचं: महागडी साधनं नकोत, परिसरातलं घ्या. पुढे 1975 साली अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना आली. शिक्षणाबरोबर आहार, लसीकरण, वजन सगळं एकाच बाईच्या पदरात पडलं.

अकरा. दारात एक आई. “बाई, एबीसीडी कधी घेणार? शेजारचा शंभरपर्यंत म्हणतोय.” तिचं चूक कसं म्हणायचं? 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत टप्पा केला, खेळावर भर दिला. पण शेजारणीला दाखवायला वही लागते, घमेलं नव्हे.

साडेअकरा. खिचडी. एका मुलामागे किती उष्मांक, किती प्रथिनं, याचाही नियम. दुसऱ्यांदा मागणारे बरेच.

साडेबारा. वजनं, उंच्या, पोषण ट्रॅकर अ‍ॅपमधल्या नोंदी. घरी न्यायच्या आहारासाठी आलेल्या बाईचा चेहरा मोबाइल ओळखत नाही. तिला उन्हात उभी करून पुन्हा फोटो. चिंचोक्यांना मिळाला त्याहून जास्त वेळ इथेच जातो, आणि मला हे पटत नाही.

दोननंतर गृहभेटी. टोळीच्या कोपीवर आईबाप फडात, आजी चुलीपाशी. साखर कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं की ही सगळी बीडकडे परतणार. सेविका विचारते, “पोर घरी काय खेळते?”

“काय खेळती! दिसभर वढ्यात काई ना काई टाकून बघत बसती. तुम्हीच सांगा तिला आता.”