परदेशातील पशुवैद्यक शिक्षण : जाण्याची वाट आणि परतीची वाट

पशुवैद्यक शिकण्यासाठी परदेशी जाणे ही आजची नवी हौस नव्हे. पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय जितके जुने, तितकीच ही प्रथाही जुनी आहे. फ्रान्समधील लियों या शहरी क्लोद बूर्जेला यांनी १७६१ मध्ये राजाज्ञा मिळवून असे पहिले विद्यालय स्थापन केले. त्या शतकात बुळकांडीच्या साथीने युरोपातील गोधनाचा वारंवार संहार होत असे. १७६३ साली डेन्मार्कहून पेटर आबिल्डगार्ड आणि स्वीडनहून पेटर हेर्नक्विस्ट हे तरुण लियोंला येऊन दाखल झाले. मायदेशी परतल्यावर पहिल्याने १७७३ मध्ये कोपनहेगन येथे, तर दुसऱ्याने १७७५ मध्ये स्कारा येथे पशुवैद्यक विद्यालय काढले. लंडनचे विद्यालय १७९१ मध्ये निघाले, तेव्हा त्याचा पहिला प्राध्यापकही लियोंमध्ये शिकलेला एक फ्रेंच गृहस्थच होता.

त्या आद्य विद्यार्थ्यांपुढील प्रश्न सरळ होता. स्वदेशात गुरे मरत होती आणि ती वाचविण्याची विद्या शिकविणारे विद्यालय तेथे नव्हते. ती विद्या संपादन करावयाची आणि परतावयाचे, एवढाच त्यांचा संकल्प. आजच्या इच्छुक विद्यार्थ्याचे मन मात्र अनेक हेतूंनी ओढले जाते. कोणास स्वदेशी प्रवेश मिळत नाही, कोणास एखाद्या विशिष्ट शाखेची ओढ असते, तर कोणास परदेशातच स्थायिक व्हावयाचे असते. यांपैकी एकही हेतू निंद्य नाही. परंतु प्रत्येक हेतूची वाट निराळी आहे, आणि हे पुष्कळांच्या ध्यानी शुल्क भरून झाल्यावर येते.

इतर देशांतील विद्यार्थी या प्रश्नाकडे कसे पाहतात, हे प्रथम पाहणे उद्बोधक ठरेल. नॉर्वेमध्ये पशुवैद्यकाचे शिक्षण देणारी संस्था एकच आहे. त्यामुळे तेथील अनेक तरुण हंगेरीतील बुडापेस्ट किंवा स्लोव्हाकियातील कोशित्से येथे जातात. बुडापेस्टचे विद्यालय १७८७ पासूनचे, कोशित्सेचे १९४९ चे. दोन्ही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून शिकविण्याची सोय आहे. नॉर्वेचा विद्यार्थी हे शिक्षण घेताना निश्चिंत असतो, कारण युरोपातील परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेमुळे ती पदवी त्याच्या देशात स्वीकारली जाते. अमेरिकेत ज्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांपैकी काही जण कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स आणि ग्रेनाडा या बेटांवरील विद्यालयांत जातात. तेथील शास्त्रीय अभ्यास पुरा करून प्रत्यक्ष चिकित्सेचे अखेरचे शिक्षण ते अमेरिकेतील विद्यालयांशी संलग्न राहून घेतात, आणि शेवटी अमेरिकेतील विद्यार्थ्यांबरोबर तीच परवाना-परीक्षा देतात. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. विद्यार्थी घरापासून दूर जातो, पण परतीचा दरवाजा उघडा आहे, याची खात्री करून जातो.

भारतीय विद्यार्थ्याची स्थिती याहून भिन्न आहे. आपल्याकडे या विद्येची परंपरा लहान नाही. मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. आज महाराष्ट्रात नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर अशा ठिकाणीही ही पदवी घेता येते. तथापि, प्रवेश ‘नीट’ या परीक्षेतील गुणांवर अवलंबून असल्याने येथे एक चमत्कारिक क्रम रूढ झाला आहे. पुष्कळ विद्यार्थी आधी माणसांचा डॉक्टर होण्याची आशा धरतात, आणि ती मावळली म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीकडे वळतात. तेथेही जागा न मिळाल्यास परदेशाचा विचार मनात येतो. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने परदेश म्हणजे मागल्या दाराने का होईना, घरात शिरण्याची वाट असते.

वस्तुतः ब्रिटन-अमेरिकेत पशुवैद्यकाचा प्रवेश हा अत्यंत चुरशीचा मानला जातो. तेथील अनेक विद्यालये गुणांबरोबरच आणखी एक गोष्ट मागतात. अर्जदाराने जनावरांच्या सहवासात किती काळ घालविला, एखाद्या पशुवैद्याच्या हाताखाली काय पाहिले, गोठ्यात किंवा तबेल्यात कोणते काम केले, हे त्यास सांगावे लागते. शिकवणीच्या वर्गात दोन वर्षे काढलेला शहरी विद्यार्थी येथे अडखळतो. उलट, ज्याने लहानपणापासून धारा काढल्या, व्यालेल्या म्हशीपाशी रात्र जागविली, आजारी बैलाला बांबूच्या नळीने औषध पाजले, त्याच्यापाशी हा अनुभव असतो. पण तो घरचे काम समजून अर्जात लिहितच नाही. जी गोष्ट त्याला कमीपणाची वाटते, तीच परक्या देशात त्याची मोठी पात्रता असते.

दुसऱ्या प्रकारचा विद्यार्थी विशेष ज्ञानाच्या ओढीने जाऊ पाहतो. घोड्यांचे अस्थिरोग, पाळीव प्राण्यांची शल्यचिकित्सा, वन्य प्राण्यांचे आरोग्य अशा शाखा त्याला खुणावतात. त्याची ओढ खरी असते. मात्र विशेषज्ञता ही पहिल्या पदवीनंतरची पायरी आहे, याचा त्याला अनेकदा विसर पडतो. तिसऱ्या प्रकारचा विद्यार्थी परदेशात राहण्यासाठीच जातो. त्याने व्यवसायाची परवानगी आणि वास्तव्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ओळखणे आवश्यक असते. एक मिळाली म्हणून दुसरी मिळतेच असे नाही. युरोपातील परस्पर-मान्यतेचा लाभही मुख्यतः तेथील सदस्य देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पदवीधराने तो गृहीत धरू नये.

आता कायद्याची बाजू. भारतात पशुचिकित्सेचा व्यवसाय करावयाचा तर पशुवैद्य म्हणून नोंदणी असावी लागते. ही व्यवस्था १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने घातली आहे. त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत भारतातील, तर दुसऱ्या अनुसूचीत परदेशातील मान्य पदव्या दिलेल्या असतात. एखादे परकीय विद्यापीठ कितीही नामांकित असो, त्याची पदवी या अनुसूचीत आहे किंवा नाही, हे परिषदेकडून लेखी विचारून घेणे हे पहिले काम होय. वस्तुस्थिती अशी की, हे काम बहुधा सर्वांत शेवटी केले जाते. प्रवेश मिळवून देणारा मध्यस्थ ‘पदवी जगभर चालते’ असे सांगतो, आणि त्या वाक्यावर विसंबून घरची जमीन तारण ठेवली जाते.

काळाचा आणि पैशाचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. भारतातील पदवी एका वर्षाच्या प्रत्यक्ष सेवेसह साडेपाच वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी पाच, केंब्रिजमध्ये सहा, बुडापेस्टला साडेपाच, तर चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे सहा वर्षे लागतात. अमेरिकेत पशुवैद्यकाची चार वर्षे सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयीन शिक्षणाची काही वर्षे खर्ची पडतात. म्हणजे बारावीनंतर साधारणतः सात-आठ वर्षांचा हिशेब धरावा लागतो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर फार काळ थांबत नाहीत. पदवी हाती आहे, पण व्यवसायाचा अधिकार नाही, अशा अवस्थेत ते हप्ते सुरू झाले तर त्याचा भार विद्यार्थ्याबरोबर त्याचे आईवडील आणि धाकटी भावंडे यांच्यावरही पडतो. भाषेचाही प्रश्न असतो. वर्गात इंग्रजी चालत असली तरी गोठ्याचा मालक हंगेरियन किंवा चेक बोलतो, आणि मुक्या जनावराची हकीकत अखेर मालकाच्याच तोंडून ऐकावी लागते.

या सर्वांहून एक सोपी वाट आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पहिली पदवी भारतात घेऊन नंतर परदेशी जाता येते. अमेरिकेत बाहेरच्या पदवीधरांसाठी पात्रता सिद्ध करण्याची टप्प्याटप्प्याची पद्धत आहे. तीत कागदपत्रांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, शास्त्रीय ज्ञानाची परीक्षा आणि प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा यांचा समावेश होतो. त्याशिवाय परवान्याची परीक्षा निराळी द्यावी लागते. ब्रिटनमध्ये तेथील राजकीय पशुवैद्यक महाविद्यालय अशी परीक्षा घेते, आणि ऑस्ट्रेलियातही तशी परीक्षा आहे. या परीक्षा कठीण व खर्चिक आहेत यात संशय नाही. परंतु त्यांत अपयश आले तरी हातची पदवी आणि स्वदेशातील नोंदणी शाबूत राहते. पडल्यास खाली जमीन असणे, हा काही लहान लाभ नव्हे.

यापलीकडे एक अधिक मूलभूत गोष्ट आहे. माणसाचे शरीर सर्वत्र एकच असते. पशुवैद्याचे रुग्ण मात्र देशादेशांत बदलतात. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे भारतात सुमारे १९ कोटी २५ लक्ष गोवंश आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत. पश्चिमेकडील बहुतेक शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत म्हैस क्वचितच दिसते. लाळ-खुरकूत हा आपल्या शेतकऱ्याचा नित्याचा शत्रू, पण अमेरिकेत तो १९२९ नंतर उद्भवलेला नाही. तेथील विद्यार्थ्याला तो आपल्या परिसरात पाहावयास मिळत नाही. २०२२ मध्ये लंपी चर्मरोगाने महाराष्ट्रातील गोठे हादरले, तेव्हा गावोगाव लस टोचीत फिरणाऱ्या पशुवैद्याला शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागत होते. जेथे काम करावयाचे, तेथील जनावर आणि तेथील माणूस या दोघांची ओळख ही पशुवैद्यकाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

विद्या नेहमी पूर्वेकडून पश्चिमेकडेच शोधावयास जावी लागते असेही नाही. भारतातील जीवाणुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख यांच्यासारखे जगन्मान्य शास्त्रज्ञ तेथे गेले, कारण बुळकांडीच्या अभ्यासाचे क्षेत्र येथे होते. पुढे याच मुक्तेश्वरला बकऱ्यांच्या शरीरात विषाणू सौम्य करून बुळकांडीवरील लस सिद्ध झाली. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ज्या रोगाच्या सावलीत लियोंचे विद्यालय जन्मास आले, त्याचा अंत करण्यात भारतातील गोठ्यांत राबलेल्या हातांचाही वाटा होता.

सारांश, परदेशी जावे की न जावे, याचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. जो जाणार, त्याने निघण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावी. शिक्षणानंतर काम कोणत्या देशात करावयाचे? तेथे ही पदवी मान्य आहे काय? मान्यता न मिळाल्यास दुसरी वाट कोणती? आणि आपण ज्यांच्यावर उपचार करणार, ती जनावरे या शिक्षणात खरोखर भेटणार आहेत काय? आबिल्डगार्ड आणि हेर्नक्विस्ट यांना परतीच्या वाटेवर कोणती गुरे आपली वाट पाहत आहेत, हे ठाऊक होते. आजच्या विद्यार्थ्यालाही ते ठाऊक असेल, तर त्याने बुडापेस्टची वाट धरली काय किंवा परभणीची धरली काय, त्याचे शिक्षण वाया जाणार नाही.