नागरी सेवा आणि जुन्या वस्त्यांचे जतन : मुंबई महानगरपालिकेच्या संदर्भात

भारतीय राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाचे १८ विषय बाराव्या अनुसूचीत नमूद केले. त्यांत पाणीपुरवठा पाचव्या, अग्निशमन सेवा सातव्या, तर सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन तेराव्या क्रमांकावर आहे. या विषयांत घटनेने अग्रक्रम ठरविलेला नाही. गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या अरुंद गल्लीत मात्र हे तिन्ही विषय एकाच वेळी उपस्थित होतात. तेथे लाकडी कठड्यांच्या जुन्या घरांमधून अग्निशमन दलाचा मोठा बंब जाऊ शकत नाही, आणि बंब जाईल एवढी वाट केली तर घरांचे ओटे व व्हरांडे उरत नाहीत.

हा पेच नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. समुद्राची हवा दाट वस्तीत खेळावी, या हेतूने ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते जुन्या मोहल्ल्यांतून काढले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही त्याच प्रयत्नांचे फलित होत. तथापि पाडलेल्या घरांतील गरीब रहिवासी नव्या वसाहतींत क्वचितच गेले. कामाच्या जागेपासून दूर जाणे त्यांना परवडत नसल्याने ते शेजारच्या आळ्यांत अधिक दाटीने राहू लागले. रोगाचे मूळ जी दाटी, ती केवळ जागा बदलून राहिली. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला.

याच धोरणाला पॅट्रिक गेडिस यांनी पर्याय सुचविला. १९१४ मध्ये भारतात आलेले गेडिस १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट विद्याशाखांच्या भिंती जपणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. वस्ती पायी हिंडून घरोघर पाहावी, अगदी मोडकळीस आलेली घरे तेवढी काढावीत, मोकळ्या झालेल्या जागी लहान चौक व झाडे ठेवावीत आणि गल्ली आवश्यक तेथेच रुंद करावी, अशी त्यांची पद्धत होती. थोडक्यात, अवयव कापण्यापूर्वी रोगाचे निदान करावे, असा त्यांचा आग्रह होता. नगरपालिकांना सरळ रेषेचा मोह सुटत नसल्याने ही पद्धत फारशी रुजली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाला आर्थिक अंग आले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले, परंतु घरमालकास दुरुस्तीत रस उरला नाही. इमारत खचली की महापालिका १८८८ च्या अधिनियमातील कलम ३५४ खाली नोटीस बजावते. जीवितरक्षण हा या कलमाचा हेतू योग्यच आहे. मात्र जेथे डागडुजीने भागले असते तेथेही इमारत रिकामी करून पाडण्याकडे कल वाढतो, कारण डागडुजीचा खर्च कोणी करावयाचा हेच निश्चित नसते.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. तिने इमारतींबरोबरच संपूर्ण परिसरांनाही संरक्षण दिले, श्रेणी ठरविल्या आणि बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकास हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद केली. परंतु वारसा संवर्धन समिती सल्लागार स्वरूपाची असून ती आयुक्तांना शिफारस करते. लोकनियुक्त सभागृहाला प्रत्येक प्रकरणात थेट स्थान नाही. ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपल्यानंतर तर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाकडेच होता.

पुनर्विकासाने सेवा सुधारतात, हा युक्तिवाद सभागृहात वारंवार मांडला जातो. तो अंशतःच खरा आहे. जुन्या दोन घरांमधील हाऊस गल्लीतून सांडपाण्याचे नळ जातात. ती गल्ली तुंबली की साऱ्या आळीचे आरोग्य धोक्यात येते, आणि नव्या इमारतीत ही अडचण राहत नाही. परंतु दुमजली घराच्या जागी उंच मनोरा उभा राहिला की कुटुंबे व मोटारी वाढतात. रस्त्याखालची जलवाहिनी व मलवाहिनी मात्र आपोआप मोठी होत नाही. म्हणजे एका भूखंडाची सोय झाली तरी गल्लीवरील भार वाढतो. उलट, लहान बंब, गल्लीच्या तोंडाशी पाण्याची जोडणी, विजेच्या तारांची नियमित तपासणी आणि हाऊस गल्लीची सफाई ही कामे घरे न पाडता होऊ शकतात. त्यांचा खर्च किरकोळ असतो, पण तो दरवर्षी करावा लागतो. आणि उद्घाटनास योग्य असे त्यात काही नसते.

येथे महापालिकेच्या तटस्थतेविषयी शंका उपस्थित होते. १ जुलै २०१७ पासून जकात संपुष्टात आली. तो तिच्या उत्पन्नाचा प्रमुख स्रोत होता. राज्याकडून भरपाई मिळत असली तरी स्वतःच्या अधिकारातील उत्पन्न म्हणून विकास शुल्क व अतिरिक्त चटईक्षेत्राचे अधिमूल्य यांचे महत्त्व वाढले. वस्ती जपल्यास ही रक्कम मिळत नाही. निवाडा करणाऱ्या संस्थेचाच एका पारड्यात पैसा असेल, तर तिने आपला हिशेब उघडपणे मांडावयास हवा.

सभागृहाच्या हाती एक अधिकार मात्र निश्चित आहे. अधिनियमाच्या कलम २९७ अन्वये रस्त्याची नियमित रेषा बदलावयाची असल्यास आयुक्तांना महापालिकेची मान्यता घ्यावी लागते. नकाशावरील ही रेषा निरुपद्रवी दिसते. पण एखादे घर नव्याने बांधताना ते रेषेच्या मागे घ्यावे लागते. मग शेजारचे, मग त्यापुढचे. अशा रीतीने कोणीही वस्ती पाडण्याचा ठराव न करता तीसचाळीस वर्षांत व्हरांड्यांची रांग नाहीशी होते. १९९५ च्या नियमावलीने वारसा स्थळांना बाधा येणार नाही अशा रेषा आखाव्यात असे सुचविले आहे. सभेपुढे असा प्रस्ताव येतो तेव्हा तो बहुधा लांबलचक विषयपत्रिकेतील एक ओळ असतो, आणि त्या गल्लीचा नकाशा मागवून पाहण्याचा अधिकार प्रत्येक नगरसेवकास असतो.