शेत चरायला दिलं म्हणजे जमीन गेली?

कापसाची शेवटची वेचणी उरकली की नंदुरबार-शहाद्याकडच्या काळ्या रानांत मेंढ्यांचे वाडे घेऊन ठेलारी येतात, गुजरातेतून गाई घेऊन काठेवाडी उतरतात. उभी पऱ्हाटी, गहू-हरभऱ्याची धसकटं चरायला मिळावीत म्हणून शेतमालकाशी बोलणी सुरू होतात. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी म्हणतंच, "नको रे भो, उद्या कूळ लागेल."

ही भीती उगाच आलेली नाही. 1948 चा कुळकायदा आणि त्यातला 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, म्हणजे कूळ जमिनीचा मालक ठरल्याचा दिवस, खानदेशातल्या घराघरांत माहीत आहे. पण कूळ ठरतो तो दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा. शेतकऱ्यानं स्वतःची गुरं स्वतःच्या जमिनीत चारली तर ती या कायद्याच्या व्याख्येत शेती होते. इतरांची चराई मात्र जोडधंद्यात मोडते आणि व्याख्येबाहेर राहते. महिनाभर मेंढ्या बसवणारा काही पेरत नाही, कसत नाही. सातबाऱ्यावर त्याचं नाव चढेल ही धास्तीही फोलच. 2021 पासून ई-पीक पाहणी शेतकरी स्वतःच मोबाइलवर करतो, आणि तिथं नोंद होते ती पिकाची.

खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी घ्यायला हवी. "स्टॅम्पपेपरवर भाडेपट्टा केला की चिंता मिटली" असं ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. पण 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातले दहापैकी जवळपास सात जण आदिवासी होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला पट्ट्यानं द्यायची, तर मुदत पाच वर्षांच्या आतली असली तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे सावधगिरी म्हणून केलेला कागदच अंगाशी येऊ शकतो. ठरावीक दिवसांची चराईची परवानगी आणि जमिनीचा ताबा देणारा पट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद करायचाच तर त्यात गट क्रमांक, तारखा, जनावरांची संख्या आणि "ताबा दिलेला नाही" हे स्पष्ट असावं, आणि तो वकिलाच्या नजरेखालून गेलेला बरा.

"जनावरं घातली की कीड-रोग पसरतो" हा समज तर कापसाच्या बाबतीत अगदी उलटा आहे. गुलाबी बोंडअळी हंगामानंतर झाडावर राहिलेल्या बोंडांत तग धरते. म्हणूनच फरदड, म्हणजे लांबवलेला हंगाम, घेऊ नका, वेचणी संपल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या, गुरं सोडा, असं केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगते. 2017 मध्ये राज्यभर बोंडअळीनं केलेली वाताहत आठवणाऱ्याला हा सल्ला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. अट एकच: नुकतीच फवारणी झाली असेल तर ते मेंढपाळाला आधी सांगायचं.

खुरांनी जमीन दगडासारखी होते, हे ओल्या काळ्या मातीपुरतं खरं. कोरड्या रानात वरचा थर दबतो तेवढाच, तो नांगरटीत सुटतो. अवकाळी पाऊस झाला तर मात्र वाफसा येईपर्यंत कळप बाहेर काढावा.

पैशाचं गणितही सरधोपट नाही. चारा हवा असतो तेव्हा मेंढपाळ चराई देतो. मेंढ्या रात्री शेतात बसवून हव्या असतात तेव्हा शेतकरी त्याला धान्य किंवा पैसे देतो. लेंडीखतात साधारण 3 टक्के नत्र असतं, साध्या शेणखतात अर्धा टक्का. शिवाय मूत्रही तिथंच मुरतं. मात्र बसण्याची जागा रोज बदलावी आणि नंतर लवकर वखर फिरवावा, नाहीतर नत्राचा बराच भाग हवेत उडून जातो. विकत घेतलेल्या खताच्या ट्रॉलीपेक्षा मला हा व्यवहार उजवा वाटतो. पण एक तक्रार रास्त आहे: वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या जनावरांच्या शेणालेंडीतून तिचं बी येतं आणि रुजतं. रोपं हातानं उपटता येतील एवढी असतानाच काढावीत.

शेजाऱ्याच्या उभ्या पिकात गुरं घुसली तर? "तुझ्याच शेतातून आली" म्हणून शेतमालकाला धरलं जातं. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानं नुकसान झालेल्या शेतकऱ्याला गुरं अडवून 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवता येतात, आणि ती सोडवायचा दंड भरतो गुरांचा मालक. तरी शेजाऱ्याला आधी कळवलेलं बरं. ज्वारी कापलेल्या रानात कोवळे फुटवे आले असतील तर तेही मेंढपाळाला दाखवून द्यावेत. त्यांतल्या सायनाइडच्या विषानं जनावर काही मिनिटांत दगावू शकतं.