विश्लेषण : लॅपटॉपवरचा ऑसिलोस्कोप पुरेसा, की स्वतंत्र यंत्रच हवे?

सोलापुरात आधुनिक यंत्रमागांसोबत इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्हही आले. त्यांची दुरुस्ती शिकणाऱ्यांना लॅपटॉपवर चालणारा स्वस्त ऑसिलोस्कोप खुणावतो. तो घ्यावा का, हे मात्र किमतीवरून नव्हे, तर काय तपासायचे आहे यावरून ठरवावे.

संगणकावरचा ऑसिलोस्कोप म्हणजे काय?
विद्युतदाब क्षणोक्षणी कसा बदलतो, याचा आलेख ऑसिलोस्कोप दाखवतो. संगणकी प्रकारात मोजणी यूएसबीला जोडलेली छोटी पेटी करते. आलेख आणि नोंदी लॅपटॉप सांभाळतो. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने विकसित केलेले ‘एक्सपआइज’ हे अशाच पद्धतीचे उपकरण. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना ते उत्तम.

नुसत्या सॉफ्टवेअरवर भागेल का?
मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या साउंडकार्डवर चालते. ते सेकंदाला साधारण ४४,१०० किंवा ४८,००० नोंदी घेते. त्यामुळे ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरपुरते काम होते. डीसी दाब मात्र सहसा दिसतच नाही आणि जास्त दाबाने साउंडकार्ड जळू शकते.

धोका कुठे आहे?
घरातील २३० व्होल्ट शिखरावर सुमारे ३२५ व्होल्ट होतात. तीन फेजच्या ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या आत सुमारे ५८५ व्होल्ट डीसी असतो. यूएसबी पेटीची ग्राउंड क्लिप बहुधा थेट लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलेली असते. ती फेजला लागली तर लॅपटॉप जळू शकतो. चार्जर काढून काम केल्यास लॅपटॉपच्या धातूच्या भागांतच वीज उतरू शकते.

मग स्वतंत्र यंत्र सुरक्षित का?
आपोआप नाही. टेबलावरच्या ऑसिलोस्कोपची क्लिपही अर्थिंगला जोडलेली असते; ती फेजला लागताच शॉर्टसर्किट होते. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंग पिन काढणे जिवावर बेतू शकते.

काय घ्यावे?
* शिकण्यासाठी, कमी दाबाच्या सर्किटसाठी, तासन्‌तास नोंदी ठेवण्यासाठी : यूएसबी पेटी.
* रोजच्या दुरुस्तीसाठी, वेगवान सिग्नलसाठी : टेबलावरचे स्वतंत्र यंत्र.
* चालू ड्राइव्हसाठी : ‘कॅट-३, १००० व्होल्ट’ दर्जाचा मल्टिमीटर. आलेखच हवा असेल, तर पुरेशा दाबाचा डिफरन्शियल प्रोब किंवा इन्सुलेटेड हातातला ऑसिलोस्कोप, तोही प्रशिक्षित हातांत.

ड्राइव्ह बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. पॅनेलवर लिहिलेला वेळ थांबा, दाब उतरल्याचे मीटरवर पाहा आणि मगच हात घाला.