दाब पंपात नसतो

गेल्या आषाढात, ऐन लावणीत, मामांची पिकअप डोळखांबच्या बाजारात वळताना रडायला लागली. मागे रोपांच्या मुठी आणि खताची पोती. गाडी हळू असताना स्टिअरिंग फिरवलं की बॉनेटखालून लांबलचक ‘घुंऽऽ’ असा आवाज यायचा आणि दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय चाक हलायचं नाही. रस्ता सरळ लागला की सगळं ठीक. बाजारात उभ्या असलेल्या चौघांनी एकच निदान केलं : पंप गेला. तो पंप नवा बसवून जेमतेम दहा महिने झाले होते.

मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पान्यांची पेटी अजून ओसरीवरच असते. ते म्हणाले, “भाच्या, पंप गेलाय हे खरं. पण कशानं गेला ते कळल्याशिवाय दुसरा बसवायचा नाही. आणि एक ध्यानात ठेव, पंप दाब देत नाही. पंप ऑइल ढकलतो. दाब पुढं अडतं तिथं तयार होतो.”

हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांना सांगितलंय, कारण पॉवर स्टिअरिंगचं सगळं विज्ञान त्यात आहे. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं. नळ तोच, पाणीही तेच. दाब वाढतो तो अंगठ्यामागे. गाडीत हा अंगठा म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याखाली बसवलेली एक झडप. दांडा आणि चाकांकडे जाणारी यंत्रणा यांच्यामध्ये पोलादाची एक बारीक सळई असते. आपण स्टिअरिंग फिरवतो, टायर रस्त्याला घट्ट चिकटलेले असतात, म्हणून ती सळई जराशी पिळली जाते, काही अंशच. तेवढ्या पिळाने झडपेची तोंडं सरकतात आणि ऑइलची परतीची वाट अरुंद होते. मग मागे दाब चढतो आणि तो दट्ट्याच्या योग्य बाजूला जाऊन चाकं ढकलतो. हात सैल सोडला की सळई सरळ होते, वाट मोकळी होते, दाब उतरतो. सरळ रस्त्यावर ऑइल नुसतं फिरत राहतं आणि पंपाला फारसं काम पडत नाही. माणसाच्या हाताला किती मदत हवी, हे एका सळईच्या पिळावरून ओळखणारी ही रचना मला आजही थक्क करते.

दाब किती, ते डोळखांबच्या माणसाला समजवायला दूर जायला नको. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिच्या माथ्यावर घाटघरचं धरण, पायथ्याशी चोंढ्याचं खालचं धरण आणि मधे डोंगराच्या पोटात वीजघर. प्रत्येकी 125 मेगावॉटचे दोन संच तिथे आहेत. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. दोन्ही पाण्यांच्या पातळीत चारशे मीटरहून जास्त फरक आहे. दर दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे तळाशी चाळीस बारच्या वर. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवताना ऑइलचा दाब सहज ऐंशी बारपर्यंत जातो. चोंढ्याच्या कड्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तोही दोन मुठींएवढ्या पंपापुढे. साध्या मोटारीच्या टायरमधली हवा दोन-अडीच बारचीच असते.

ऐंशी बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे ऐंशी किलोंचा भार. दट्ट्याचं क्षेत्रफळ दहा चौरस सेंटीमीटर धरलं तर आठशे किलोंचा रेटा. शाळेत पाठ केलेला पास्कलचा नियम तो हाच. मिनिटाला आठ लिटर ऑइल या दाबाने ढकलायचं तर इंजिनातून साधारण दीड अश्वशक्ती खर्च होते. त्या बदल्यात शेतातून परतलेला दमलेला माणूस एका हाताने वळण घेतो.

अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने 1926 साली स्वतःच्या गाडीवर अशी यंत्रणा चालवून दाखवली होती. मोटार कंपन्यांना ती महाग वाटली. दुसऱ्या महायुद्धात जड लष्करी वाहनांना तिची गरज पडली, आणि सामान्य ग्राहकाच्या मोटारीत ती आली 1951 साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. आता नव्या छोट्या गाड्यांत ऑइलऐवजी विजेची मोटर हे काम करते. पण गावाकडच्या पिकअप, जीप, ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये ऑइलचं स्टिअरिंग अजून भरपूर आहे, आणि ते दुरुस्त करणारे हातही आहेत.

मामांनी पंपाला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. पट्टा सैल आहे का? नव्हता. ऑइल कमी आहे का? होतं, पण थोडंसंच. कुठे गळतं का? जोडांवर ओल नव्हती. गळती शोधताना चालू इंजिनाच्या दाबाच्या नळीवर बोट फिरवायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. सुईएवढ्या भोकातून येणारी ऑइलची धार कातडीत घुसते. ती जखम बाहेरून टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि हात गमवायची पाळी आणते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं, आणि धार घुसल्याची शंका जरी आली तरी तडक दवाखाना गाठायचा.

मग त्यांनी इंजिन बंद ठेवून ऑइलच्या टाकीतून पंपाकडे जाणारी नळी पंपाच्या बाजूने सोडली आणि खाली डबा धरला. ऑइल भडाभडा यायला हवं होतं. ते सलाईनसारखं थेंब थेंब येत होतं. टाकीच्या तळाशी बारीक जाळी असते, ती काळ्या गाळाने भरली होती. दहा महिन्यांपूर्वी पंप बदलणाऱ्याने जुनं ऑइल काढून यंत्रणा धुतलीच नव्हती. पहिल्या पंपाची झीज आणि नळीच्या आतल्या रबराचे कण तसेच फिरत राहिले आणि जाळीवर येऊन बसले. “हा मेला नाही, ह्याला उपाशी मारलाय,” मामा म्हणाले.

उपाशी पंप रडतो त्यामागे भौतिकशास्त्र आहे. ऑइलमध्ये हवा विरघळलेली असते, नेहमीच्या दाबाला आकारमानाच्या आठ-नऊ टक्के. सोड्याची बाटली उघडताच दाब उतरतो आणि बुडबुडे येतात. पंपाला मागून ऑइल पुरलं नाही की त्याच्या तोंडाशी दाब असाच पडतो आणि बुडबुडे सुटतात. ते दाबाच्या बाजूला पोचले की क्षणात चिरडले जातात, आणि प्रत्येक चिरडण्याचा एक बारीक हातोडा धातूवर पडतो. असे अगणित हातोडे म्हणजे तो ‘घुंऽऽ’. शिवाय बुडबुड्यांचं ऑइल दाबलं जातं, म्हणून चाकाला रेटाही मिळत नाही.

जुना पंप आम्ही नंतर वर्तमानपत्र पसरून उघडला. आत अंडाकृती पोकळीचं पोलादी कडं. त्यात फिरणाऱ्या चकतीला खाचा आणि खाचांत नखाएवढ्या दहा पात्या. चकती फिरली की पात्या बाहेर सरकून कड्याला घासत जातात आणि दोन पात्यांमधली जागा कमी-जास्त होत ऑइल पुढे ढकलते. पोकळी अंडाकृती असल्याने दाबाच्या जागा समोरासमोर दोन येतात आणि शाफ्टवरचा भार दोन्ही बाजूंनी सारखा राहतो. शेजारी एक छोटी झडप. इंजिन जोरात फिरताना पंप गरजेच्या कितीतरी पट ऑइल ढकलतो, ते जास्तीचं ऑइल ही झडप आतल्या आत परत फिरवते. मी कड्यावरून नख फिरवलं. आरसा असायला हवा होता तिथे धुतल्या कपड्याच्या चुण्यांसारख्या लाटा लागल्या. नवा पंप तर लागणारच होता. सोबत नवी टाकीही आणली, कारण तिची जाळी धुऊन मोकळी होत नाही.

पंप बदलायला अर्धा दिवस पुरतो. बॅटरीची वायर सोडायची, पट्टा काढायचा, खाली परात ठेवून नळ्या सोडायच्या, तीन-चार बोल्ट काढायचे. चूक होते ती पुलीपाशी. बऱ्याच पंपांची पुली दाबून बसवलेली असते. ती हातोड्याने ठोकली की नवा पंप बसण्याआधीच बेअरिंग दुखावतो. पुलरनेच काढायची, दाबाच्या स्क्रूनेच बसवायची आणि जुनीच्याच खोलीवर, नाहीतर पट्टा तिरका चालतो. दाबाच्या नळीचे तांब्याचे वॉशर नवेच घालायचे. ऑइल झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलंच. ब्रेक ऑइल कधीही नाही, त्याने इथली रबरी सिलं फुगून निकामी होतात.

खरा वेळ त्यापुढचा. मागच्या चाकांना दगड लावले, गाडीची पुढची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर टेकवली. परतीची नळी सोडून डब्यात धरली. इंजिन बंदच. मामा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायचे आणि मी टाकीत नवं ऑइल ओतत राहायचो. आधी काळं आलं, मग विटकरी, मग स्वच्छ लाल. दीड-दोन लिटर गेलं. जुनं ऑइल मामांनी कॅनमध्ये भरून शहापूरला वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे दिलं. ज्या तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं भरतात तिथे ते बांधावर ओतणं त्यांना सहन होत नाही.

नळी जोडल्यावर हवा काढायची. इंजिन बंद ठेवून पुन्हा वीसेक फेरे. मी टॉर्च धरून टाकीत बघत होतो. ऑइल फेसाळून गुलाबी झालं होतं. मामांनी हात थांबवला, दहा मिनिटं चहा घेतला, पुन्हा फेरे. बुडबुडे मोठे होत गेले, मग विरळ झाले. त्यानंतरच इंजिन चालू केलं. स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, तिथे दाब कमाल असतो आणि काही सेकंदांत ऑइल तापतं. आवाज आला, कमी झाला, गेला.

सकाळी टाकीतलं ऑइल बोटभर उतरलं होतं. कुठे गळलं नव्हतं. कोपऱ्यांत अडकलेली हवा रात्रीतून वर आली होती आणि तिची जागा ऑइलने घेतली होती. मामांनी तेवढं ऑइल ओतलं, झाकण लावलं आणि उरलेली रोपं भरायला गाडी शेताकडे वळवली.