टेबल सॉ घेताना मोटरआधी फेन्स पाहा

हौस म्हणून सुतारकाम करणाऱ्याकडे हातकरवत, रंधा, पटाशी आणि गुण्या एवढी सामग्री जमली, की पुढचा विचार हमखास टेबल सॉचा येतो. याला कारणही तसेच आहे. एकाच रुंदीच्या दहा पट्ट्या हातकरवतीने कापायच्या म्हटले, तर अर्धा दिवस जातो आणि तरीही त्या तंतोतंत सारख्या निघतीलच याची शाश्वती नसते. टेबल सॉवर हेच काम काही मिनिटांत होते. वखारीतील ओतीव लोखंडाची अवजड यंत्रे घरी आणणे शक्य नसले, तरी सुमारे २० ते ३५ किलो वजनाची, उचलून ठेवता येण्याजोगी यंत्रे आता भारतीय बाजारात मिळतात. प्रश्न उरतो तो निवडीचा.

दुकानात शिरताच ग्राहकासमोर ठेवला जातो तो मोटरच्या वॅटचा आकडा. वस्तुत: या वर्गातील बहुतेक यंत्रांची मोटर १५०० ते २००० वॅटच्या दरम्यान असते आणि घरगुती कामाला ती पुरेशी ठरते. यंत्राची खरी पारख दोन साध्या भागांवरून होते. एक म्हणजे लाकडाला वाट दाखवणारी फेन्स आणि दुसरा म्हणजे पात्यामागे उभी असणारी पोलादी पट्टी, अर्थात रायव्हिंग नाइफ. काम अचूक होणे आणि बोटे शाबूत राहणे, या दोन्ही गोष्टी याच दोन भागांवर अवलंबून असतात.

लाकूड उलटे का फेकले जाते?

यामागचे कारण पाते फिरण्याच्या पद्धतीत आहे. कारागिराच्या बाजूचे दाते वरून खाली येतात, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते. मागच्या बाजूचे दाते मात्र खालून वर येतात. कापलेले लाकूड या मागच्या दात्यांवर घासले, तर ते उचलले जाऊन कारागिराच्या दिशेने भिरकावले जाते. यालाच किकबॅक म्हणतात. २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. या वेगाने लाकूड सुटल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. लाकडाचा फटका बसतोच. शिवाय ते ढकलणारा हातही अनेकदा पात्याकडे ओढला जातो.

लाकूड मागच्या दात्यांवर घासण्याची प्रमुख कारणे दोन. फेन्स पात्याला समांतर नसून मागच्या टोकाशी आत झुकलेली असेल, तर लाकूड पाते आणि फेन्स यांच्या चिमटीत सापडते. किंवा लाकडातच ताण दडलेला असतो आणि कापताना पडलेली फट मागे मिटू लागते. नीट न वाळलेल्या किंवा पिळलेल्या लाकडात हा अनुभव वारंवार येतो.

फेन्सची परीक्षा

फेन्स कशी आहे, हे दुकानातच तपासता येते. यंत्राची पिन काढून पाते पूर्ण वर घ्यावे आणि एका दात्यावर खूण करावी. टेबलावरील खाचेपासून त्या दात्याचे अंतर पुढच्या बाजूस मोजावे. नंतर पाते हाताने फिरवून तोच दाता मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही अंतरे सारखी हवीत; दिसण्याजोगा फरक असेल, तर तो दुरुस्त करण्याची सोय यंत्रात आहे का, हे विचारावे. यानंतर फेन्स त्याच खाचेशी समांतर बसते का, ते पाहावे. ती चार-पाच वेळा सरकवून घट्ट करावी आणि दर वेळी तिचे मागचे टोक हलवून बघावे. हाताच्या दाबाने टोक सरकत असेल, तर ते यंत्र न घेतलेलेच बरे. दातेरी पट्टी व चाक यांच्या साहाय्याने पुढची-मागची दोन्ही टोके एकदम सरकवणारी फेन्स सहसा समांतर राहते. थोडे अधिक पैसे खर्च करायचे असतील, तर ते इथे करावेत.

रायव्हिंग नाइफ कापलेली फट मिटू देत नाही. ती पात्याबरोबर वर-खाली झाली पाहिजे. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दात्यांनी पाडलेल्या फटीपेक्षा कमी असावी लागते. उदाहरणार्थ, पत्रा १.८ मिलिमीटर आणि फट २.८ मिलिमीटर असेल, तर २.३ मिलिमीटरची पट्टी योग्य ठरते. स्वस्त मिळाले म्हणून पातळ पाते बसवले, तर लाकूड या पट्टीवरच अडकते. मग वैतागून पट्टी काढून टाकली जाते आणि संरक्षण संपते. म्हणूनच नवे पाते घेताना व्यासाबरोबर फटीची रुंदी आणि मधल्या भोकाचे माप पाहावे. हे भोक काही यंत्रांना २५.४, तर काहींना ३० मिलिमीटरचे लागते.

या दोन्ही भागांचे महत्त्व ध्यानात घेतले, की आपल्याकडील एका प्रचलित जुगाडातील धोका स्पष्ट होतो. फरशी कापण्याचा चार इंची मार्बल कटर फळीखाली उलटा बांधून त्याचे पाते वर काढलेले अनेक कामांच्या ठिकाणी दिसते. त्याला ना समांतर फेन्स, ना रायव्हिंग नाइफ, ना पात्यावर आवरण. रोज हेच काम करणाऱ्यांचीही बोटे त्यावर जातात. काही हजार रुपये वाचवण्यासाठी हौशी माणसाने हा मार्ग धरू नये.

वीज आणि बटण

१८०० वॅटची मोटर २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपियर वीज घेते. घरातील ६ अँपियरचा सॉकेट तिला अपुरा पडतो. १६ अँपियरचाच हवा. एक्स्टेन्शन केबलही जाड तारेची आणि शक्य तितकी आखूड असावी. त्याहून महत्त्वाचे आहे ते बटण. वीज गेली आणि काही मिनिटांनी परत आली, तर साध्या बटणाचे यंत्र आपोआप सुरू होते. त्या क्षणी कोणी पात्याजवळचा भुसा झाडत असेल, तर परिणामांची कल्पनाच केलेली बरी. वीज परतल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारे बटण यंत्राला आहे ना, याची खात्री करावी.

आकाराच्या बाबतीत २५४ मिलिमीटरचे पाते सरळ उभे असताना साधारण ७५ ते ८० मिलिमीटर, तर २१० मिलिमीटरचे पाते ६५ मिलिमीटरच्या आसपास खोल कापते. पेट्या, चौकटी, लहान फर्निचर यांना दुसरेही पुरते. प्लायवूडचा आठ बाय चार फुटी तक्ता उभा मधोमध कापायचा, तर फेन्स पात्यापासून ६१० मिलिमीटर दूर सरकली पाहिजे. मात्र एवढा तक्ता हलक्या यंत्रावर एकट्याने सांभाळणे जोखमीचे असते. ज्यांचे काम मुख्यत: प्लायवूडचे आहे, त्यांनी मोठे तुकडे दुकानातूनच कापून आणावेत किंवा सरळ पट्टीच्या आधाराने चालणारी हातातील सर्क्युलर सॉ घ्यावी. त्यांना टेबल सॉची गरज भासेलच असे नाही.

हात लागताच थांबणारे पाते

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी विकसित केलेल्या ‘सॉस्टॉप’ यंत्रात पात्यातून सूक्ष्म विद्युत संदेश खेळवलेला असतो. त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो, अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाते काही सहस्रांश सेकंदांत थांबते. त्याचे मोठे यंत्र २००४ साली, तर सुटसुटीत यंत्र २०१५ साली बाजारात आले. ब्रेक एकदा सुटला, की ठोकळा आणि बहुधा पातेही बदलावे लागते. किंमतही बरीच जास्त आहे. शिवाय ही यंत्रणा जखम टाळते, किकबॅक नव्हे. त्यामुळे फेन्स आणि रायव्हिंग नाइफची गरज तिथेही संपत नाही.

सदनिकेत राहणाऱ्यांनी आवाजाचा व धुळीचाही हिशोब मांडावा. या यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. बंद गाळा, गावाकडची पडवी किंवा सोसायटीच्या संमतीने ठरलेली वेळ यांचा विचार खरेदीपूर्वीच व्हावा. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक पदार्थांत केला आहे. म्हणून भुसा ओढणारा व्हॅक्युम जोडता येईल असे तोंड यंत्राला हवे आणि कारागिराच्या चेहऱ्यावर मास्क, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण हवे. हातमोजे मात्र घालू नयेत. ते पात्यात अडकतात; तसेच सैल बाह्या, ओढणी आणि बांगड्याही.

यंत्र घरी आल्यावर पहिल्या दिवशी सागवान कापायला घेऊ नये. आधी लाकडाची एक पुश स्टिक बनवावी. पाते आणि फेन्स यांत सहा इंचांहून कमी जागा असेल, तर लाकूड तिनेच ढकलावे. पाते लाकडाच्या वर जेमतेम दिसेल एवढेच ठेवावे आणि उभे राहताना पात्याच्या रेषेतून किंचित बाजूला सरकावे. फेन्सची समांतरता दर काही दिवसांनी पुन्हा मोजावी, कारण हलवाहलवीत ती बिघडते. दुकानात जाताना खिशात स्टीलची पट्टी आणि हातात गुण्या असला, तर माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा यंत्राविषयी अधिक कळते.